महांतप्पाची तालीम

"फुटलं! पुन्हा फुटलं!" महांतप्पा ओरडला. "ह्ये हात हायेत का वरवंटं?"

माझ्या ओंजळीत काळ्या मातीचा चुरा होता. उरलेला डोळ्यांत गेला होता. शेजारी उकिडवा बसलेला सिदू हसला नाही, पण त्याच्या ओंजळीत अख्खं ढेकूळ होतं आणि माझ्या मते ते हसल्यासारखंच होतं.

महांतप्पाची शिकवायची तऱ्हा अशी. मोटेच्या पाटाकडेची अर्धवट ओली ढेकळं तो घमेल्यात भरून आणायचा आणि वीस पावलांवरून आमच्या अंगावर फेकायचा. हात ताठ ठेवून झेललं की ढेकूळ फुटायचं. ते अंगाकडे ओढून घेत, पाहुण्याला घरात घ्यावं तसं घेतलं, तरच अख्खं राहायचं. पंधरा दिवस ढेकळं आणि त्यानंतर चेंडू. फलंदाजाच्या जागी एक पोरगा कडब्याची पेंढी हलवत उभा राहायचा आणि पेंढीच्या आडून चेंडू यायचा. पापणी लवली की महांतप्पाला वीस पावलांवरून दिसायचं. चिडला की तो कानडीत ओरडायचा, "कण्णु मुच्चब्याड!" म्हणजे डोळे मिटू नको. कानडीचं अक्षर न येणाऱ्या पोरांनाही तेवढं वाक्य पाठ झालं होतं.

महांतप्पा आमच्या शाळेचा चपराशी. घंटा वाजवायची, पाणी भरायचं, सरकारी कागद घेऊन तीन कोस चालत मुरुमला जायचं, ही त्याची नोकरी. तरुणपणी तो सिकंदराबादच्या छावणीत कामाला होता. गोरे लोक क्रिकेट खेळत, यष्टीमागे किपर म्हणून उभं राहायला सरावाच्या वेळी कुणी तयार नसे, म्हणून याला उभं करत. तिथून तो दोन गोष्टी घेऊन आला: कापूस भरलेले चामड्याचे जुने हातमोजे, आणि उजव्या हाताची दोन वाकडी बोटं. गोऱ्याच्या चेंडूनं बोटं मोडली, असं सगळा गाव मानत होता.

दुसरी मोठी लढाई संपली त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. आमच्याकडे निजामाचं राज्य होतं आणि शाळेत माझ्या वडिलांचं. अण्णा हेडमास्तर. हेडमास्तरांचा मुलगा म्हणून किपरची जागा माझीच, हे मी गृहीत धरलं होतं. महांतप्पानं ते गृहीत धरलं नाही, हा त्याचा पहिला गुन्हा. त्यानं हणमंतप्पा शेतकऱ्याच्या सिदूला निवडलं. मला राग आला. आजही प्रामाणिकपणे सांगतो, सिदू माझ्याहून दसपट चांगला होता, आणि म्हणूनच राग जास्त आला.

पण सिदूत एक खोट होती. चेंडू पायाशी असो, कानाशी असो, तो घ्यायचा. छातीवर उसळला की मात्र आडवा वळायचा. डावा हात आपोआप छातीवर जायचा आणि चेंडू मागे पळायचा. मुरुमच्या मैदानावर उस्मानाबादच्या पोरांशी सामना तीन दिवसांवर आला होता. अण्णांनी खिडकीतून ते पाहिलं आणि महांतप्पाला बोलावलं.

"तो पोरगा भित्रा आहे. आपल्या उत्तरेश्वरला उभं कर."

"भित्रा न्हाय, साहेब. तीन दिस द्या. तीन दिसांत न्हाय जमलं तर तुमचं खरं."

अण्णांनी मान हलवली. उत्तरेश्वर म्हणजे मी, दाराआडून ऐकत होतो. तीन दिवसांत काय होणार होतं?

त्या संध्याकाळी महांतप्पानं सिदूला जवळ बसवलं. मी हातमोजे आवरत होतो, म्हणून तिथंच.

"छातीवर काय हाय, म्हाईत हाय मला," महांतप्पा म्हणाला. "चेंडूला भेतोस का लिंगाला?"

सिदू खाली बघून म्हणाला, "लिंगाला लागलं तर, मामा? फुटलं तर?"

लिंगायताच्या घरात मूल जन्मलं की त्याचं स्वतःचं लिंग त्याच्या गळ्यात बांधतात. चांदीच्या लहानशा डबीत ते छातीवर असतं, झोपेतही. ते पडलं, दुखावलं, तर त्या माणसाचं जगणं फुकट गेलं, असं जुनी माणसं मानत. चौदा वर्षांच्या पोरानं चेंडू सोडून त्याच्यावर हात धरला, तर त्याला भित्रा कोणत्या तोंडानं म्हणायचं? अण्णांना ते कळलं नव्हतं. मलाही नव्हतं. वर्गात शेजारी बसून चार वर्षं काढली होती मी त्याच्याबरोबर.

महांतप्पानं आपली वाकडी बोटं पुढं केली. "ही गोऱ्यानं मोडली न्हाईत. म्याच मोडून घेतली. चेंडू छातीवर आला, मोजा काढल्याला हात आडवा घातला. लिंग वाचलं, बोटं ग्येली. दुसऱ्या दिशी छावणीतल्या मठात ग्येलो. स्वामी हासले. म्हणाले, अरं, गळ्यात घाल, दंडाला बांध, डोक्यावर बांध, बेंबीच्या वर कुठंबी चालतं." त्यानं बाही वर सारली. दंडावर काळ्या दोऱ्यात डबी होती. "बावीस वर्सं हितं हाय. चल तुझ्या घरी."

मीही मागं गेलो. हातमोजे माझ्याकडे होते, हे एक निमित्त. खरं कारण असं, की हणमंतप्पा नाही म्हणतील आणि ते मला माझ्या कानांनी ऐकायचं होतं.

हणमंतप्पा नाहीच म्हणाले. "खेळापायी लिंग हलवायचं? उद्या म्हणशील, काढून खुटीला टांग!"

"काढायचं न्हाय, दादा. जागा बदलायची. स्वामींना इच्यारा, म्या खोटं बोलत आसंन तर गावातनं हाकला."

"आन् पडलं तर?"

तेवढ्यात चुलीपुढून सिदूची आई, नागम्मा, उठली. तिनं आपल्या जुन्या इरकली लुगड्याचा काठ टरकावला, डबीभोवती गुंडाळला, आणि सिदूच्या दंडाला अशी आवळून बांधली की पोरगं कळवळलं.

"म्या बांधलंय," ती नवऱ्याला म्हणाली. "आता कसं पडतं बघते."

हणमंतप्पा उठून गोठ्याकडे गेले. नागम्मापुढं गावात कुणीच फारसं बोलत नसे.

सामन्याच्या दिवशी बैलगाड्या निघायच्या आधी अण्णांनी महांतप्पाला बाजूला घेतलं. शाळा तपासणारे मोहतमीमसाहेब मुरुमला येणार होते. "मुलांच्या खेळाची तालीम हेडमास्तर जातीनं घेतात," असं अण्णांनी त्यांना उर्दूत रीतसर लिहून दिलं होतं. अण्णांनी आयुष्यात बॅट हातात धरली नव्हती.

"तू पाण्याच्या रांजणाशी बसायचं," अण्णा म्हणाले. "मैदानाकडे बघून एक शब्द बोललास, तर कमरेचा पट्टा उतरवून ठेवायचा."

तो पितळी बिल्ल्याचा पट्टा म्हणजे त्याची नोकरी. महांतप्पानं फक्त "व्हय, साहेब" म्हटलं आणि रांजण गाडीत चढवला.

मी सीमेवर उभा होतो, रांजणापासून दहा हातांवर. उस्मानाबादचा एक उंच पोरगा खेळायला आला आणि खेळतच राहिला. त्याला बाद केल्याशिवाय आमची धडगत नव्हती. आमच्या गोलंदाजाचा एक चेंडू उसळला, बॅटची कड घेऊन सिदूच्या छातीकडे गेला, आणि सिदू वळला. डावा हात छातीवर. तिथं आता काही नव्हतं, पण चौदा वर्षांची सवय तीन दिवसांत जाते होय? चेंडू मागं गेला. मांडवातून अण्णांनी मला खूण केली: ह्या षटकाचा एक चेंडू उरलाय, तो झाला की हातमोजे तू घाल.

मला आनंद झाला. लपवत नाही.

मी महांतप्पाकडे पाहिलं. तो उभा राहिला होता. एक हात कमरेच्या पट्ट्यावर होता. मांडवाकडे त्यानं एकदा पाहिलं, सिदूकडे एकदा. गोलंदाज धावायला लागणार, एवढ्यात तो सीमेच्या आत आला आणि सगळ्या मुरुमला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला:

"सिदू! दंडावर हाय रं त्ये! आईनं बांधलंय! छाती दे! कण्णु मुच्चब्याड!"

सिदूनं डाव्या दंडाला एकदा हात लावून पाहिला. मग बसला. चेंडू तसाच उसळला, तशीच कड घेतली. सिदू सरळ राहिला. चेंडू छातीवर आदळल्याचा आवाज सीमेपर्यंत आला, आणि तिथून खाली पडायच्या आत सिदूनं तो पोटाशी ओढून घेतला होता. क्षणभर त्याचा श्वास बंद झाला असावा. पण चेंडू वर धरलेला हात काही त्यानं खाली घेतला नाही.

मीही टाळ्या वाजवत होतो. हात आपोआप वाजत होते आणि हातमोजे आता मिळणार नाहीत हेही कळत होतं, दोन्ही एकाच वेळी.

मोहतमीमसाहेब खुर्चीतून उठले होते. त्यांनी महांतप्पाला मांडवात बोलावलं. "ये कौन है?"

"चपराशी आहे, हुजूर," अण्णा घाईनं म्हणाले. "अडाणी माणूस. समज दिली जाईल."

"चपराशी हाय," महांतप्पा म्हणाला. हात जोडलेले, मान ताठ. "पर पोरांना शिकवतो म्याच, हुजूर."

मोहतमीमसाहेबांनी अण्णांकडे पाहिलं, महांतप्पाच्या बोटांकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाले, "तो फिर इसे मटके के पास क्यों बिठाया?" अण्णांचं तोंड मी तसं कधी पाहिलं नव्हतं. वडिलांना असं पाहणं वाईट असतं, चूक त्यांची असली तरी.

सामना आम्ही हरलोच. झेलायला महांतप्पानं शिकवलं होतं, बॅट धरायला कुणी शिकवलं होतं?

दुसऱ्या दिवशी घंटा वाजली, पण नेहमीपेक्षा ओबडधोबड. कोंडीराम नावाचा दुसरा माणूस ती बडवत होता. महांतप्पानं पट्टा सकाळीच आणून अण्णांच्या टेबलावर ठेवला होता. मागायची वाट पाहिली नव्हती. अण्णांना हे अपेक्षित नव्हतं. तो पाया पडेल, चार दिवस ताटकळत ठेवू, मग घेऊ, असा त्यांचा हिशेब असावा. अण्णा दुष्ट नव्हते. त्यांना फक्त खोटं खरं करून हवं होतं.

चार दिवसांनी त्यांनी कोंडीरामला महांतप्पाकडे पाठवलं. "मोहतमीमसाहेबांपुढं मी खोटं बोललो" असं लिहिलेल्या कागदावर अंगठा द्यायचा, की पट्टा परत. घरात इरम्मा, त्याची बायको, आणि तीन लेकरं होती. महांतप्पा तेव्हा दुसऱ्याच्या रानात ज्वारी काढायला जात होता, पहाटेपासून. घंटेची दोरी ओढणाऱ्या हातांना विळा नवा होता.

कोंडीराम परत आला. अण्णा जेवायला बसले होते, मी शेजारी.

"काय म्हणाला?"

"सांगू का, साहेब?"

"सांग."

"म्हणाला, अंगठा देतो. पर आधी हेडमास्तरांनी लिवून द्यावं, सिदूनं तो झेल सोडला व्हता म्हणून."

अण्णांचा घास हातातच राहिला. आईनं भाकरी वाढायला हात पुढं केला होता, तिनं तो मागं घेतला.

"इरम्मा काय म्हणाली?" आईनंच विचारलं.

"ती आत व्हती. म्हणाली, आणखी एक कागद आणा, तिलाबी अंगठा द्यायचाय त्येच्या म्हणण्याखाली."

शाळेच्या आवारात महांतप्पाला बंदी झाली. आवार नागफणीच्या कुंपणापाशी संपत होतं. कुंपणापलीकडे गाडीवाट, आणि वाटेपलीकडे हणमंतप्पांचं पडीक. तिथं हेडमास्तरांचा हुकूम चालत नव्हता. पाचव्या दिवसापासून शाळा सुटली की पोरं वाट ओलांडू लागली. आधी सिदू, मग दोघे, मग नऊ-दहा. महांतप्पा रानातून थेट तिथं यायचा. पायांना धसकटं लागून रक्त आलेलं असायचं. धोतराला हात पुसायचा आणि सुरू करायचा.

आठ दिवस मी आवारातल्याच आमच्या घराच्या ओसरीवर बसून पाहिलं. नवव्या दिवशी उठलो. अण्णा शेजारीच उभे होते. "कुठं?" त्यांनी विचारलं. मी उत्तर दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा दिलं नाही. नागफणीच्या फटीतून जाताना सदरा फाटला.

महांतप्पानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"इच्यारून आलास?"

"न्हाय."

"का आलास?"

"मला येत न्हाय, म्हणून."

पोरं हसली. तो हसला नाही. त्यानं सिदूला हातमोजे काढायला सांगितले. सिदूनं ते काढून स्वतः माझ्या हातांत चढवले आणि त्याच्या अंगठ्यानं माझा अंगठा नीट आत बसवला. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

शाळेत चार वर्षं महांतप्पानं मला नुसत्या नावानं कधी हाक मारली नव्हती. हेडमास्तरांचा मुलगा, तेव्हा "उत्तरेश्वरराव, जरा खाली बसता का," असं म्हणायचा, आणि मी बसायचो नाही.

मी यष्टीमागे वाकलो. समोर, वाटेपलीकडे, ओसरीवर अण्णा अजून उभे होते. महांतप्पाचा आवाज काही लहान नव्हता.

"उत्त्या!" तो गरजला. "ढुंगण खाली घे की लेका!"

मी घेतलं.