आधी पट्टे उचल

जिममध्ये जमिनीवरून उचलायचा डेडलिफ्टचा बार तिच्या हातून तिसऱ्यांदा निसटला, तसे कोचने तिच्या पायाशी मनगटाला बांधायचे पट्टे फेकले. "ताई, हे बांधा. बायकांची पकड कच्चीच."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत ओल्या चादरी पिळल्या, त्या काय याच्या आजोबांनी? चादर ती बोटांच्या मुळाशी धरायची. इथे मात्र या शहाण्याचं ऐकून बार तळव्यात दाबत बसली होती!

तिने पट्टे लाथेने उडवले, बार बोटांच्या मुळाशी आवळला आणि शंभर किलो उचलून ताठ उभी राहिली.

"वा! ठेवा आता खाली," कोच म्हणाला.

"आधी तू ते पट्टे उचल."

तो वाकला. दुसरा पट्टा त्याच्या हातात येईपर्यंत बार तसूभरही घसरला नाही.