चार इंच कमी पडलेली मॅक्सी

मित्रांनो, हातात घेऊन बघा मला. मी कापड मोजायचा लोखंडी गज, वयानं जुना, पण मापानं आजही पक्का. या टोकापासून त्या टोकापर्यंत बरोबर छत्तीस इंच. एक सूत कमी नाही, एक सूत जास्त नाही. दोन्ही टोकांना सरकारी छाप आहेत. गंजाखाली दिसत नाहीत, पण बोट फिरवलंत तर लागतील.

कामठीच्या एका लोहारानं मला घडवलं आणि मी नागपुरात इतवारीला, बाबारावांच्या कापडाच्या दुकानात आलो. सकाळी दुकान उघडलं की माझ्या अंगावरून कापड धावायला लागायचं. छीट, मांजरपाट, पॉपलीन. सर्र, सर्र! मोजताना बाबाराव पहिल्या गजाला कधी 'एक' म्हणायचे नाहीत, शुभ म्हणून 'लाभ' म्हणायचे. "लाभ... दोन... तीन..." तो शब्द ऐकला की माझं लोखंडसुद्धा फुलायचं. दसऱ्याला मला हळदकुंकू लागायचं आणि पूजेनंतर नव्या लाल कापडात गुंडाळून ठेवायचे.

मग सरकारनं मीटर आणला. नवा, चकचकीत, माझ्याहून तीन इंचांनी आणि वर थोडा उंच. बाबारावांनी मला त्या लाल कापडात गुंडाळलं, घरी आणलं आणि कपाटामागे उभं केलं. म्हणाले, "आता तू आराम कर गा!"

आराम! ज्याचा जन्म कापड सरकवण्यात गेला, त्याला कसला आराम? बारा वर्षं मी अंधारात तळमळत उभा होतो. दिसायचं काही नाही, पण घरातलं सगळं बोलणं ऐकू यायचं. बाबारावांची लेक गोपिका आधी लंगडी घालायची, मग धावायची, मग उंच टाचांच्या चपला टकटक वाजवत घरभर फिरायची. माझ्यासारखीच तीही. तिलाही एका जागी राहवायचं नाही.

सतरा वर्षांची झाली होती. सीताबर्डीच्या बाजारात जायची ती कपडे घ्यायला नाही, नुसतं बघायला. दुकानाच्या काचेपाशी उभी राहून कॉलर कशी बसवली, चुण्या कुठून निघाल्या ते डोळ्यांनी उसवायची आणि घरी येऊन वहीच्या मागच्या पानांवर काढायची. एका कुडत्याच्या बाह्या काढून दुसऱ्याला लावायची. ओढणी तीनदा बदलायची.

"काहून वं गोपे," बाबाराव ओरडायचे, "दिवसातून किती डाव कपडे बदलून राहिली तू? घर आहे का नाटक कंपनी?"

"तुम्ही दिवसभर कापडच विकता ना बाबा? मग मी घातलं तं काहून बोलता?"

तिची आई सिंधूताई पदराआड हसायच्या.

गोपिकाला कटिंगच्या क्लासला जायचं होतं. बाबारावांना ते चार दिवसांचं वेड वाटायचं. शेवटी त्यांनी मोरपंखी रंगाच्या थानातला उरलेला तुकडा तिच्यापुढे टाकला. "दसऱ्याले हे शिवून, घालून दाखव. जमलं तं क्लासमंदी नाव घालू. बिघडलं तं कात्री माह्याजवळ, अन् पुन्हा क्लासचं नाव काढायचं नाही."

त्या दुपारपासून ती जेवायलाही धड बसेना. तिला शिवायची होती मॅक्सी, घोट्यापर्यंतचा झगा; एका मासिकात तिची लांबी दिली होती, सव्वा मीटर. मोजायला काही सापडेना, म्हणून तिनं कपाटामागे हात घातला आणि मी तिच्या हाती लागलो.

"आई, मीटर सापडला!"

अगं, मी मीटर नाही! गजाला तोंड नसतं, मित्रांनो. पण खरं सांगू? तोंड असतं तरी मी बोललो नसतो. बारा वर्षांनी माझ्या अंगावरून कापड सरकत होतं. मी गप्प राहिलो. तिनं माझी एक लांबी घेतली, वर पाव घेतली आणि कात्री चालवली. उरलेल्यातून घेरदार बाह्या काढल्या. चिंध्या तेवढ्या राहिल्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिनं मॅक्सी अंगावर चढवली. घोट्याच्या वर चांगली चार इंच! ना फ्रॉक, ना मॅक्सी. सिंधूताईंनी मला उचललं आणि कपाळावर हात मारला. "अवं पोरी, हा तं जुना गज होय!"

गोपिकानं खाली बसून मॅक्सीची कड ओढून पाहिली. मग उठली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालू लागली. मला माझ्या गप्प राहण्याची फार लाज वाटली. आणि एकदम तिचे पाय थांबले. समोर माझ्यावरून सोडून टाकलेलं लाल कापड पडलं होतं.

"त्याले हात लावू नको, पूजेचं आहे ते," सिंधूताई म्हणाल्या.

"पूजा गजाची होती ना आई, फडक्याची थोडीच?"

तिनं ते मोजलं, माझ्यानंच: एक गज लांब, अर्धा गज रुंद. त्याच्या तीन लांब पट्ट्या काढल्या, जोडल्या आणि मोरपंखीच्या खाली लाल काठ लावला. माझं एकुलतं पांघरूण गेलं. जाऊ द्या म्हटलं.

दसऱ्याला सोनं द्यायला शेजारच्या कांताबाई आल्या आणि दारातच थबकल्या. "बाबारावजी, हे लाल काठाची फॅशन कोण्या दुकानातली? माह्या सुनेले पाहिजे!"

बाबाराव खाली वाकले. काठावरचा हळदीचा पुसट डाग त्यांनी ओळखला.

"लांबी कमी पडली?"

गोपिकाचा आवाज बारीक झाला. "हो बाबा. गजाले मीटर समजली मी. चार इंच कमी पडले. मग जोडले."

बाबारावांनी काठाच्या जोडावरून बोट फिरवलं. "कापड तं कोणीबी कापते," ते म्हणाले. "कमी पडलेलं भरून काढणं तुले आधीच येते. आता क्लासवाले काय शिकवतीन वं तुले?" गोपिकाचा चेहरा पडला. तशी ते हसले. "पण जाय. उद्या नाव घालू. सरळ कापणं तं शीक!"

मग त्यांनी मला धुऊन पुसून पाटावर, पूजेसाठी घरी आणलेल्या मीटरच्या शेजारी ठेवलं, हळदकुंकू लावलं. तिच्यासाठी दुकानातून नवं कापड आणलं आणि, कोण जाणे काय मनात आलं, ते माझ्यावरून सरकवलं. सर्र!

"लाभ," ते म्हणाले.

आता मी गोपिकाच्या शिलाई मशीनशेजारी खिळ्याला टांगलेला असतो, उघडाच. मित्रांनो, मी कधीच आखूड नव्हतो. मीटर समजलात, म्हणून कमी पडलो. तुमच्या घरातही कोणी जुनं, कोणी धडपडं असेल. त्याला कमी म्हणण्याआधी हातातलं माप बघा. आम्हाला कपाटामागे विसरू नका. वर्षातून एकदा तरी हातभर कापड सरकवा आमच्यावरून.

आणि मोजाल तेव्हा पहिल्याला 'एक' म्हणू नका.