रेघेवरच्या सुरकुत्या

मी एक जुना ऑसिलोस्कोप आहे. नाव अवघड, काम सोपं. विजेच्या तारेला माझं टोक लावलं, की ती वीज कशी वाहते ते मी काचेवर हिरव्या रेघेने काढून दाखवतो. चांगल्या विजेची रेघ सरळ येते, वाईट विजेच्या रेघेला सुरकुत्या पडतात. मित्रांनो, माझा स्वभाव जन्मापासून संशयी. मला घडवलंच त्यासाठी.

कारखान्यातून मी एका कॉलेजात गेलो. तिथे मला पुसायला मऊ फडकं होतं. पुढे सपाट पडद्याचे नवे भाऊबंद आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथून मला उचलून आणलं ते कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका बाईंनी. त्यांच्या दुकानात माझ्या डोक्यावर चहाचा कप ठेवतात. असो.

एका दुपारी बाईंची नणंद आली. कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांना वीज वाटणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, तिने टेबलावर आपटला.

"वहिनी, मशीन मधेच बंद पडतंय. घराचा अख्खा नकाशा उडाला माझा. जुनाच डबा पुसून खपवलास ना घरच्या माणसाला?"

"वन्सं, खोक्याचं सील तुमच्यासमोर फोडलं होतं."

"सील काय, परत चिकटवता येतं!"

बाईंनी व्होल्ट मोजायचा मीटर लावला. बारा व्होल्ट हवे होते, बारा म्हणजे अगदी बारा. पण मीटर भोळा. सरासरी सांगतो आणि गप्प बसतो.

"तो तुझाच नोकर," नणंद म्हणाली.

मग माझी पाळी आली. काचेवर रेघ कसली, साळिंदरच उभं राहिलं.

"बघ, बघ!"

बाईंचा चेहरा उतरला. मला मात्र त्या काट्यांचाच संशय आला. वरची ट्यूबलाइट फडफडली, की ते वाढायचे. बाईंनी डबा बंद केला, तरी काटे तसेच. माझ्या टोकाची जोडवायर लांब होती आणि ती हवेतली खरखर गोळा करत होती. बाईंनी ती काढून बोटभर तार लावली, डबा पुन्हा चालू केला. रेघ शहाण्यासारखी सरळ झाली.

"म्हातारा आता तुझ्या सोयीचं बोलायला लागला," नणंदेने पर्स उचलली. "राहू दे. घरात कुणाला सांगणार नाही. पण पुन्हा या दुकानात पाय ठेवायची नाही."

खरं तर इथे थांबता आलं असतं. पण रिकामा डबा नेहमीच गुणी असतो. ओझं पडलं, की खरं कळतं. बाईंनी त्याला गाडीच्या दिव्यांचे मोठे बल्ब जोडले. ते पेटले, तरी रेघ सरळच. नणंद दारात चपला घालत होती. डबा तापत गेला आणि माझ्या रेघेला एक बारीक सुरकुती पडली. मग दाट पडल्या. नणंदेची पाठ आमच्याकडे होती. बाईंचा हात बल्बच्या बटणावर गेला. बल्ब विझले, की रेघ पुन्हा सरळ. आता मला बाईंचाच संशय यायला लागला. काय करणार, माझ्या संशयातून घरची माणसंही सुटत नाहीत.

हात तिथेच थांबला.

"थांबा, वन्सं. डबा खराबच आहे. या, बघा."

नणंदेने चष्मा लावून बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"पण नवा होता?"

"नवाच होता. बल्ब न लावता दिला, हे माझं चुकलं."

"बटण दाबलं असतंस, तर मला कळलंही नसतं."

"म्हातारा बघत होता ना!"

नणंद हसली नाही, पण चपला काढून स्टुलावर बसली. "दुसरा दे. बल्ब लावून. मी इथेच बसते."

मित्रांनो, संशय जरूर घ्या. पण आधी आपली वायर तपासा, आणि उत्तर आपल्या बाजूचं आलं, की बल्ब आणखी थोडा वेळ चालू ठेवा. आणि हो, माझ्या डोक्यावरचा कप तेवढा उचला. चहा आत सांडला तर मीच खोटं बोलायला लागेन, आणि माझ्यावर संशय घ्यायला या दुकानात दुसरं कुणी नाही.