पावण्यांच्या ताटाची कड

मला कुणी ‘मोहिनी, तुझी भांडी फुटकी दिसतात’ म्हटलं की डोक्यात तिडीक जाते. फुटकी नाहीत हो ती! तशी केलीत.

पुण्यात आदेश सरांचं जपानी हॉटेल निघणार होतं. तिथलं जेवण म्हणजे पोटभर प्रकरण नाही. एकामागून एक घासभर पदार्थ येतात आणि दर पदार्थाला वेगळं भांडं. सर म्हणाले, “गुळगुळीत ताटं बाजारात ढिगानं मिळतात. मला तुमच्या घाटघरचा कडा ताटात पाहिजे.” हे जमलं तर पुढची सगळी भांडी माझीच. म्हणजे मी गावात राहणार, माझी भट्टी राहणार. नाही जमलं तर गुजरातेत टाइल्सच्या कंपनीत नोकरी, दिवसभर एकसारख्या फरशा तपासायच्या. त्यांचे फोन चालूच होते.

मग मी जीव ओतला. माशाच्या तुकड्याला जीवधन किल्ल्याच्या कड्यासारखं तिरकं ताट. भाताला नाणेघाटातल्या दगडी रांजणासारखी जाड वाटी. वरून द्यायला भाताच्या तुसाच्या राखेचा लेप. आणि सगळ्यांची कड फाडलेली. ओल्या मातीची पोळी सुरीनं कापायची नाही, दोन्ही हातांनी ओढून फाडायची, आणि फाटेल तशी ठेवायची. बोटसुद्धा लावायचं नाही. एकदा फाटलेली माती पुन्हा तशी फाटत नाही, हीच तर त्यातली मेख.

भांडी सुकायला ठेवून मी भट्टीचा गॅस आणायला जुन्नरला गेले. जीपवाल्याशी भांडून संध्याकाळी परत आले, तर आई शेडमध्ये बसलेली. माझी आई सोनीबाई. चुली घालाव्यात तर तिनंच, असं आसपासच्या गावांत म्हणतात. शेजारी पाण्याचा तांब्या, हातात चूल घासायचा गोटा. समोरच्या एकूण एक भांड्याची कड तिनं पाण्याचा हात देऊन बसवली होती, वर गोट्यानं घासून चकचकीत केली होती.

“आई, अगं काय केलंस हे?”

“झालंच बघ. लई कडा फाटल्या व्हत्या गं. फुटक्या ताटात पावण्याला वाढत्यात व्हय? त्यो जेवंल का उठून जाईल? तू दमली व्हतीस, म्हून मीच बसले.”

मी सरपंचाला चारचौघांत ऐकवणारी बाई. पण आईची बोटं पाण्यानं पांढरीफटक पडली होती, सकाळपासून तिच्या पोटात भाकरीचा तुकडा नव्हता. काय बोलणार कप्पाळ! टाकी उतरवायच्या निमित्तानं बाहेर गेले आणि जीपच्या मागं उभी राहून रडले.

सकाळी एकदोन कडा पुन्हा मोडून बघितल्या. माती सुकून आवळली होती, सरळ आरपार तडा गेला. सरांनी दिलेल्या तारखेआधी नवी घडवून, सुकवून, भाजायला दिवस उरले नव्हते. करायला गेले गणपती, झाला मारुती. तशीच भाजली. एकच ताट फडक्याखाली होतं म्हणून आईच्या नजरेतून सुटलं होतं.

पुण्यात नेऊन मांडली, तर आदेश सरांनी नेमकं तेच आधी उचललं. कडेवरून अंगठा फिरवत राहिले. “मोहिनी, हेच! हेच पाहिजे होतं मला.” मग बाकीची एकेक उचलून बघितली आणि परत खाली ठेवली.

“ही कुणी केली?”

“मीच,” म्हटलं. आईचं नाव कशाला घेऊ?

“चांगली आहेत. पण अशी मला कुठंही मिळतात.”

मी थोडे दिवस मागितले. हॉटेल उघडायची तारीख ठरली होती. त्यांनी माझ्यासमोरच दुसऱ्या कुणाला तरी फोन लावला.

परतताना जीपमधूनच कंपनीला कळवलं, येते म्हणून.

आई दारातच उभी होती. “आवडली का गं पावण्यांना?”

“लई आवडली.”

तिनं तिथूनच शेजारच्या कुशाबाईला हाक मारली. “ऐकलंस का? माझाबी हात हाय त्यात!” मग माझ्या खांद्यावरची पिशवी काढून घेत म्हणाली, “पुढच्या येळंला मला आधीच हाक मार. एकटी कशाला मरतीस?”

“मारते,” म्हटलं.