पाठीमागचा तलाव

मी एक जुनी सायकल आहे. भिलाईच्या रुआबांधा वस्तीतल्या एका घराच्या ओसरीत भिंतीला टेकून उभी असते. घंटी वाजत नाही, चाकांत हवा नाही, मडगार्डला गंज चढला आहे. पण माझं कॅरिअर अजून घट्ट आहे, मित्रांनो. ते काढायला कुणी हात लावला तर मी त्याच्या पोटरीवर पॅडल हाणते. असं का, ते माझी कहाणी ऐकलीत तर कळेल.

मी लांबच्या कारखान्यातून सुट्या भागांत, गवतात गुंडाळून आले. दुर्गच्या एका दुकानात मला जोडलं. काळा रंग, त्यावर सोनेरी रेघा, मधला दांडा सरळ. आपण कुणा साहेबाच्या घरी जाणार, असं मी धरूनच चालले होते. घ्यायला आला दयाराम. तिरोड्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, भिलाईत पोलाद कारखान्याच्या उभारणीवर नुकताच लागलेला खलाशी. खलाशी म्हणजे अवजड लोखंड दोरखंडांनी वर चढवणारा गडी. त्याने पहिली गोष्ट काय मागितली, तर मजबूत कॅरिअर. गावाहून बायकोला आणायचं होतं. मला रागच आला. एवढ्या देखण्या सायकलीच्या पाठीवर हे लोखंडी ओझं कशाला? पण माझं मत कुणी विचारलं नाही.

ते दिवस धुळीचे होते. जिकडे पाहावं तिकडे खड्डे, क्रेन आणि उघड्या माळावर उभी राहणारी क्वार्टर्स. शिफ्ट सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढा निघे. त्या गर्दीत दयारामला मी लांबूनच ओळखू येई. तो मला रोज फडक्याने पुसायचा, चेनला तेल द्यायचा. माझा राग केव्हाच गेला होता, फक्त मी तसं दाखवलं नाही.

आठवड्याच्या सुट्टीला बाकीचे लोक ताणून देत. दयारामच्या पायांना मात्र चैन नसे. बायकोला, म्हणजे वच्छलाला, कॅरिअरवर बसवायचं आणि मरोद्याच्या तलावाला फेरी घालायची, हा त्याचा नेम. वाट दर वेळी थोडी वेगळी. कधी पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, कधी बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या खाचरांतून, कधी उतईच्या बाजारापर्यंत. दिशा मात्र एकच, तलाव कायम उजव्या हाताला. कारण या बाजूने पाळीवर चढण सोपी होती आणि पलीकडे उतईच्या अंगाला मोठा उतार. तिथे पॅडल न मारता मी सुसाट सुटे. घरी आल्यावर दयाराम शेजाऱ्यांना सांगत बसे, आज पाण्यावर कोणते पक्षी उतरले होते, ऊन कसं पळत होतं. वच्छला चूल पेटवत ऐकून घेई. ती दोन्ही पाय डावीकडे सोडून बसायची. कधी मागे वळायला गेली की माझा तोल जाई आणि दयाराम म्हणे, "हालू नको."

एका हिवाळ्यात दयाराम धान मळायला गावी गेला. तिथे भरलेली बैलगाडी कलंडून त्याच्या गुडघ्यावर आली. तो परतला तेव्हा त्याचा डावा पाय ताठ झाला होता, कायमचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज काठी घेऊन चालायचं, नाहीतर पाय सुकेल. पण आपल्याला लंगडताना लोक पाहतील, याची त्याला भारी लाज वाटे. बसून करायचं काम मिळालं होतं. तिथे तो ट्रकने जायचा, ट्रकने यायचा आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचा. पाय खरोखरच बारीक होत चालला. माझ्या कॅरिअरवर शेजारची कोंबडी बसू लागली. मला रडू आलं असतं, पण सायकलीला ती सोय नाही.

शेवटी त्याने मला शेजारच्या बाबुलालला विकायचं ठरवलं. वच्छला तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"तलावाची एक चक्कर होऊ द्या. मंग खुशाल इकजा."

"कोन चालवन?"

"मी."

दयारामने भिंतीकडे तोंड फिरवलं, पण बाबुलालला थोडं थांबायला सांगितलं.

खरं सांगते, मला ते पसंत नव्हतं. मी दांड्याची सायकल, पुरुषांनी चालवायची. पण वच्छलाने लुगड्याचा कासोटा घट्ट खोचला, धुण्याच्या दगडावर चढली आणि दांड्यावरून पाय टाकून बसलीसुद्धा. गोल साडी नेसणाऱ्या शेजारणी पाहतच राहिल्या. शेजारच्या पंचफुलाने जन्मात कधी पॅडल मारलं नव्हतं, पण ती कॅरिअर धरून मागून धावायची आणि शिकवायचीही. आम्ही बाभळीत शिरलो, उकिरड्यात गेलो, नळाच्या ओट्यावर आपटलो. वच्छलाची कोपरं सोलली, माझं मडगार्ड वाकलं. ती उठे, लुगडं झटके आणि पुन्हा दगडावर चढे. अशा बाईपुढे रुसून किती दिवस राहणार? मी मुकाट्याने सरळ चालू लागले.

एकदा आम्ही दारासमोरून डुगडुगत चाललो असताना आतून आवाज आला, "चाकाकडं नको पाहू. पुढं पाह." दयाराम खाटेवर उठून बसला होता. त्यानंतर कॅरिअरवर तांदळाचं पोतं बांधून सराव झाला आणि पोत्यानंतर पंचफुला बसली.

एका सुट्टीच्या सकाळी वच्छलाने दयारामची काठी माझ्या दांड्याला बांधली आणि त्याला मागे बसवलं, ती बसायची तसंच, दोन्ही पाय डावीकडे सोडून. त्याचा ताठ पाय रेल्वेच्या सिग्नलसारखा बाहेर निघाला. बायको चालवते आणि नवरा मागे बसतो, हे कुणी पाहू नये म्हणून त्याने दुपट्ट्याने तोंड गुंडाळून घेतलं. कॉलनीने त्याला पायावरूनच ओळखलं. मरोदा मागे पडल्यावर त्याने दुपट्टा सोडला. आम्ही पाळीवर आलो. उजवीकडे पाणी चमकत होतं. ते पाहायला त्याने मान वळवली आणि मी डगमगले.

"हालू नका," वच्छला म्हणाली.

मग समोर जे होतं तेच तो पाहू लागला. कापणी झालेल्या बांध्यांत लाखोळीच्या पिकाला निळी फुलं आली होती. पुढे पाळीच्या पायथ्याशी एक लहानशी वस्ती लागली. दारात धान कांडणाऱ्या एका म्हातारीने सवयीने हात उंचावला. मग कॅरिअरवर पुरुष बसलेला पाहून ती पदराआड हसली.

"कोन हाय ते?" दयारामने विचारलं.

"नाव कुठं ठाऊक हाय? दर खेपेले मले हात दाखवते."

"मंग कवा बोलली कावून नाही तिच्याशी?"

"तुमी इथं सायकल थांबवली कवा?"

ती हे रागाने बोलली नव्हती, म्हणून दयारामला ते जास्त लागलं. ब्रेक दाबत, जीव मुठीत धरून आम्ही उतईकडचा उतार उतरलो. खाली आल्यावर त्याने थांबायला सांगितलं.

"इतले वर्स तुले तलाव दिसलाच नाही?"

"खाली उतरली का दिसे. चालत्या सायकलीवर तो माह्या पाठीकडं राहे."

इथून घरचा रस्ता सपाट होता. दयाराम म्हणाला, "मांगं फिरव. त्या बाईच्या दारात थांबू."

वच्छलाने चढणीकडे पाहिलं. ती धापा टाकत होती. ती चढण मी दयारामच्या ऐन ताकदीच्या दिवसांतही कधी चढले नव्हते. तरी तिने हँडल फिरवलं. अर्ध्यात माझं चाक थांबलं, आता घसरणार, तोच पाठीवरचं ओझं उतरलं. दयारामने काठी सोडून घेतली आणि दुसऱ्या हाताने कॅरिअर धरून तो मला ढकलू लागला. समोरून गवताचे भारे घेऊन बाया येत होत्या. सगळ्याजणी त्याच्या पायाकडे पाहत होत्या. वच्छला उतरू लागली, तसा तो म्हणाला, "बसून राह. पुढं पाह." ताठ पाय ओढत, घामाने निथळत, तो माथ्यापर्यंत चालत आला. अपघातानंतर तो एवढा कधीच चालला नव्हता.

म्हातारीचं नाव मथुरा निघालं. तिने आधी बोरं पुढे केली आणि मग विचारलं, इतके दिवस सायकल का आली नाही. ती रोज वाट पाहत होती. हे लोक आपल्या मुलखाला परत गेले, अशीच तिची समजूत झाली होती.

संध्याकाळी बाबुलाल मला न्यायला आला. दयाराम काठी टेकत स्वतः दारात गेला.

"सायकल नाही भेटत, बाबुलाल. आमाले मथुराबाईकडं जाचं असते."

त्यानंतर कितीतरी वर्षं आम्ही एकदा सुलट जात होतो, एकदा उलट. उलट फेरीला चढण आली की दयाराम उतरून ढकलायचा. पाय वाकला नाही, पण सुकलाही नाही.

आता ते दोघे नाहीत. मित्रांनो, मला मखरात बसवा असं मी म्हणत नाही. चाकांत हवा भरा, चेनला तेल द्या आणि मागे कुणाला तरी बसवून मला तलावाकडे न्या. मागचा माणूस हलला तर त्याच्यावर खेकसू नका. सायकल थांबवा आणि त्याला काय पाहायचं आहे ते विचारा. तेवढा वेळ मी स्टँडवर उभी राहीन.