पत्रा कापायच्या आधी

मी बोलतोय, तो कम्प्युटर नव्हे. तो खोका दोनदा बदलला. मी त्याच्या पोटातला प्रोग्राम. शहाणे लोक मला कृत्रिम बुद्धी म्हणतात. पंखा त्याचा, अक्कल माझी!

माझा जन्म १९९९चा, कारेगावातल्या पोपटराव शेठच्या शेती-अवजारांच्या कारखान्यातला. नवी इंजिनीअर सुषमाताई हिने मला घडवलं. फिटर मल्हारीमामांशेजारी बसून तिने त्यांचा तीस वर्षांचा अनुभव 'असं असेल तर तसं करा' अशा चारशे नियमांत उतरवला. हव्या त्या यंत्राची माहिती भरा, दहा मिनिटांत मी तीन कच्चे आराखडे मांडतो. मला त्याचा तोरा होता, आजही आहे.

मांडवगणच्या धुरपदाबाई कांदा निवडणाऱ्या बायकांच्या पुढारी. त्यांच्या गटासाठी यंत्र करायचं ठरलं. चालत्या पट्ट्यावरून कांदा येणार, बायका सडका वेचणार. पोपटराव म्हणाले, "पत्रा एकदाच कापायचा, म्याडम. चुकला तर तुमचा ह्यो प्रोग्राम बंद, परत कागद-पेन्सिल."

म्हणजे माझा कारभारच आटोपला असता! तरी मी छातीठोकपणे आराखडा दिला. पत्र्यावर खुणा झाल्या, पट्ट्याची उंची भिंतीवर खडूने आखली गेली. तेवढ्यात धुरपदाबाई बघायला आल्या.

"एवढ्या वर कांदा? आमी काय दिसभर उभं ऱ्हायाचं व्हय?"

"मग कसं निवडता, मावशी?" सुषमाताईने विचारलं.

"बसून! लेकरू मांडीवर असतंय."

मल्हारीमामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "पोरी, चूक माजी. जल्मभर उभ्यानंच काम केलं, बसायचं ध्यानातच आलं न्हाई."

मी ओशाळलो. काम करणारा बसतो की उभा राहतो, हा प्रश्न माझ्याकडे नव्हताच! सुषमाताईने तो तिथल्या तिथे माझ्यात घातला, धुरपदाबाईंना जमिनीवर बसवून मापं घेतली. मी पट्टा त्यांच्या हाताशी खाली आणला.

"कापा पत्रा," पोपटराव म्हणाले.

यंत्र चालू झालं त्या दिवशी सुषमाताई मांडवगणला गेली होती. परतल्यावर मामांना सांगत होती, "संध्याकाळी बायका उठल्या, पण कंबर धरून कुणी उठलं नाही." मला कंबर नाही, तरी फार बरं वाटलं.

आज २००६. नियम बाराशेवर गेलेत. नवे इंजिनीअर खुर्चीतूनच रकाने भरतात आणि उत्तर मागतात. देतो मी, उत्तरांना माझ्याकडे तोटा नाही. पण बाबांनो, शेतावर राबणारं माणूस मला इथून दिसत नाही. ते तुम्ही बघून या, मग बसा माझ्यापुढे.