वेणीतला ओलावा

वेणीच्या टोकाशी एक थेंब लोंबत होता, मोहरीएवढा. तो पडत नव्हता आणि सुकतही नव्हता. मित्रांनो, तो थेंब म्हणजे मी.

मी एक जुना, दाटसर, चवीला गोडसर द्रव आहे. लोक मला ग्लिसरीन म्हणतात. साबणाच्या कारखान्यात चरबी शिजताना मी वेगळा झालो आणि तपकिरी बाटलीतून कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या या गावात आलो. इथल्या बाया समुद्रात बुडी मारून शिंपले काढतात. खाऱ्या पाण्याने त्यांचे हात भेगाळत. त्या मला पाण्यात कालवून लावत, वरून तेलाचं बोट फिरवत. तेव्हा माझं फार कौतुक होई.

मला एकच गोष्ट येते: पाणी ओढायचं आणि धरून ठेवायचं. हवा दमट असली की मी हवेतलं ओढतो. ती कोरडी असली आणि मला नुसतंच लावलं, तर ज्याच्यावर बसलो त्याच्याच आतलं पिऊ लागतो.

माझी बाटली ज्यांच्या घरी होती त्या तोकशिमबाईंची मुलगी यंहा बुडी मारायला गेली ती वर आलीच नाही. देहही सापडला नाही. अशा वेळी देवऋषीण होडीतून तांदळाची वाटी कापडात बांधून समुद्रात सोडते आणि अडकलेला जीव वर आणते. तोवर तो थंड पाण्यातच राहतो. पण तोकशिमबाई देवऋषिणीला बोलवायला तयार होईनात; पोर घरी येते, असं त्या म्हणत. डोक्याला रबरी टोपी नीट बसावी म्हणून यंहाने कापलेली वेणी त्यांनी खिडकीत टांगली होती. तिच्यावर त्या मला चोळत, पाणी न मिसळता, नुसतंच.

हिवाळ्यात चुलीच्या धगीने खालून तापवलेल्या जमिनीमुळे खोली सुकली. मी केसांतलंच पाणी प्यालो. केस तुटू लागले. "रुसली गं माझी पोर," बाई म्हणाल्या. मग समुद्रावरून धुकं आलं. मी पीत राहिलो, आणि एका सकाळी वेणी चिंब होऊन तिच्या टोकाशी थेंब लोंबू लागला.

त्यांची धाकटी बहीण मालसुक दारात उभी होती. तीही बुडी मारणारीच.

"बघ, मालसुक! आत्ताच पाण्यातून आलीय. घरी येणाऱ्या पोरीला देवऋषीण कशाला?"

"येते तर तू रोज वाढतेस तो ताटातला भात का संपत नाही तिचा?"

"तुझं तोंड आवर."

"आवरते. पण ताई, समुद्रातून आलीय ना? मग जीभ लाव त्या पाण्याला."

"शी! काहीतरीच!"

"लाव म्हणते ना. खारं ओळखायला आपल्याला कुणी शिकवायला नको."

मला खरं काय ते सांगायचं होतं, पण मला वाचा नाही. शिवाय त्या धुक्यातलं पाणी कुणाच्या अंगावरून आलं होतं, हे मलाही ठाऊक नव्हतं.

बाईंनी वेणी ओठांपाशी नेली. थेंबाला जीभ लावली.

"गोड लागतंय," त्या म्हणाल्या.

मालसुकने मान खाली घातली.

मित्रांनो, मला वापराल तेव्हा सोबत पाणी द्या, वरून तेलाचा हात फिरवा. तहानलेल्याला कुणापाशी एकटं सोडू नका. त्याला आपलं-परकं कळत नाही.

बाईंनी वेणी मांडीवर घेतली, बाहीने कोरडी केली.

"देवऋषिणीला बोलाव," त्या म्हणाल्या. "पोर गारठली असेल. वर काढूया तिला."